टाचणीमावशींचा वाफा

शाळेत मावशी पुष्कळ होत्या. घंटेच्या मावशी, पाण्याच्या मावशी, ऑफिसातल्या फायली उचलताना तोंड वाकडं करणाऱ्या मावशी. टाचणीमावशी मात्र एकच. जीवशास्त्राची प्रयोगशाळा त्यांच्या ताब्यात होती, आणि ताब्यात म्हणजे अगदी ताब्यात. सूक्ष्मदर्शकाच्या भिंगाला कोणाचं बोट लागलं, तर दुसऱ्या टोकाच्या कपाटाशी पाठ करून उभ्या असतानाही त्यांना कळायचं. एप्रनच्या कॉलरवर टाचण्यांची रांग कायम खोचलेली असायची. पानं, पाकळ्या मेणाच्या ताटलीत पसरून लावायला. त्यावरून मुलींनी नाव पाडलं टाचणी. अंगानेही तशाच, आणि बोलणंही टोचणारं. तोंडावर सगळ्या "मावशी, मावशी" करायच्या आणि पाठ वळली की टाचणी. मावशींना हे नाव पंधरा वर्षांपासून ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं.

"वाईट काय आहे त्यात?" त्या घरी नवऱ्याला सांगायच्या. "एवढीशी असते, पण पान हलू देत नाही."

प्रयोगशाळेच्या मागच्या दाराने तीन पायऱ्या उतरल्या की खोलीची भिंत आणि शाळेचं कुंपण यांच्यामधे एक चिंचोळी पट्टी होती. तिथे मावशींचा वाफा. एका टोकाला लाल गुलबक्षी, दुसऱ्या टोकाला पांढरी, आणि मधे बारा पावलं मोकळी जमीन. त्या बारा पावलांत गवताचं पातंसुद्धा मावशी उगवू देत नसत.

आता कोणी म्हणेल, गुलबक्षीचं काय एवढं कौतुक? कुंपणाकडेला, गटाराकडेला, कुठेही उगवणारं झाड. पण शाळेला शिकवायला त्याच्यासारखं दुसरं नाही, कारण गुलबक्षीला लपवाछपवी जमत नाही. प्रत्येक रोपाला रंगाचे दोन वाटे मिळतात, एक आईकडून, एक बापाकडून. दोन्ही लाल असले की फूल लाल, दोन्ही पांढरे असले की पांढरं, आणि एक-एक आला की गुलाबी. म्हणजे लाल झाडाचे परागकण पांढऱ्या फुलाला लावले, तर होणारं प्रत्येक रोप गुलाबीच फुललं पाहिजे. आणखी एक सोय अशी की एका फुलाला एकच बी धरते, काळी, मिरीएवढी. कुठल्या फुलाची कुठली बी यात घोळ होण्याचा प्रश्नच नाही.

हे सगळं मावशींना कोणी शिकवलं? त्या आल्या तेव्हा काचेच्या नळ्या धुवायला आल्या होत्या. शिक्षण सातवीपर्यंत, पुढे घरच्यांनी शाळा सोडायला लावली, तो राग अजूनही त्यांच्या नाकावर आहे. तेव्हाचे जीवशास्त्राचे सर वयस्क होते आणि त्यांचे हात थरथरायचे. फुलाची कळी चिरून आतले पुंकेसर, म्हणजे पराग धरणारे तंतू, चिमट्याने काढायचे, हे थरथरत्या हाताचं काम नव्हे. एक दिवस त्यांनी नळ्या धुणाऱ्या बाईच्या हातात चिमटा दिला. "मावशी, बघा तुम्हाला जमतंय का." जमलं. जमलं म्हणजे काय, सर पाहतच राहिले. दुपारी दीड वाजता पांढऱ्या झाडाची फुगलेली पण मिटलेली कळी हळूच चिरायची, पाचही पुंकेसर मोजून काढायचे, मधली कुक्षी तशीच ठेवायची, वर कापडाची पिशवी बांधायची. चार वाजता गुलबक्षी उमलते. तेव्हा लाल फुलाचे परागकण कुंचल्याने त्या कुक्षीला लावायचे आणि पिशवी परत बांधायची, म्हणजे एखादा किडा भलतेच पराग आणून ठेवायला नको. दीडलाच का, हे सरांनी कधी सांगितलं नाही आणि मावशींनी कधी विचारलं नाही. सरांनी सांगितलं म्हणजे झालं.

त्या पिशव्या शिवायचे मावशींचे यजमान. ते शिंपी. दुकान म्हणजे एक मशीन, एक टेबल आणि एक आरसा. उरलेल्या पातळ कापडाच्या अंगठ्याएवढ्या पिशव्या शिवताना ते म्हणायचे, "गिऱ्हाईकांच्या बाह्या राहिल्यात आणि मी फुलांना टोप्या शिवतोय." पण एकही पिशवी तिरकी शिवली नाही त्यांनी.

बावीस वर्षं हे चाललं. दरवर्षी वीसेक फुलं. प्रत्येक फुलाची नोंद जाड पुठ्ठ्याच्या वहीत: क्रमांक, तारीख, कोणाच्या हातचं, पुढे रंग कुठला आला. आणि बावीस वर्षांच्या रकान्यात शब्द एकच: गुलाबी, गुलाबी, गुलाबी. सर निवृत्त झाले, पुढे वारले. त्यांच्या जागी दोघेतिघे येऊन गेले. वही मात्र मावशींच्या कपाटात, वरच्या खणात, स्वच्छ फडक्यात गुंडाळलेली.

मग नव्या मॅडम आल्या. तरुण, हुशार, कामाला वाघ, आणि मावशींच्या मते एकच खोट: त्यांना सगळं मुलींच्याच हातून करून घ्यायचं असायचं. त्यात काही चुकीचं नव्हतं, हे मावशींनाही कळत होतं, आणि कळत होतं म्हणून तर जास्त राग येत होता. त्या वर्षी वेळापत्रक बदललं. प्रात्यक्षिकाचा तास जेवणाच्या सुट्टीनंतर असायचा, तो शेवटचा झाला. मॅडम म्हणाल्या, बरंच झालं, चार वाजता फुलं उमलतात, पुंकेसर काढणं आणि पराग लावणं एकाच तासात उरकेल. मुलींनी तीस फुलं केली. मावशी आत बसून भिंगं पुसत होत्या. आधीच स्वच्छ असलेली भिंगं. कोणी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

बी धरली, रुजली, तीस कुंड्यांत तीस रोपं वाढली. आंतरशालेय प्रदर्शनाला आठ दिवस राहिले तेव्हा सगळी फुलली. एकवीस गुलाबी. नऊ पांढरी.

मावशींनी ती नऊ फुलं तीनदा मोजली. तोंडात मारल्यासारखं झालं त्यांना.

मॅडमनी वही मागितली. पानामागून पान उलटलं. मग अगदी हळू आवाजात, दुखवायचं नसलेल्या माणसासारखं त्यांनी विचारलं, "मावशी, बावीस वर्षांत एकही पांढरं नाही. एकही नाही. हे जरा... म्हणजे मागे कधी एखादं आलं, तर सर ते काढून टाकायला सांगायचे का?"

मावशींना आधी प्रश्नच कळला नाही. कळला तेव्हा त्यांनी वहीवर हात ठेवला. कोणी चोर म्हटलं असतं तरी चाललं असतं, त्याला उत्तर देता आलं असतं. पण इथे वहीच खोटी ठरत होती, आणि वहीबरोबर सरही.

"नाही," एवढंच त्या म्हणाल्या.

मॅडमनी मान हलवली, पण विश्वास बसल्यासारखी नाही.

तेवढ्यात हेडसर आले. हेडसर भूगोलाचे, माणूस तसा वाईट नाही, पण त्यांना प्रत्येक गोष्ट फळ्यावर नीट दिसली पाहिजे. त्यांनी कुंड्या पाहिल्या, पाठीमागे हात बांधून दोन फेऱ्या मारल्या आणि तोडगा काढला. "नऊ उपटून टाका. एकवीस ठेवा. पाहुण्यांना काय कळतंय?"

त्याच आठवड्यात मॅडमनी निसर्गाच्या निवडीचा धडा घेतला होता. मावशींना तो पाठ होता. गटाराकडेच्या गुलबक्षीत गोगलगायी शिरल्या की कोवळ्या पानांची रोपं फस्त होतात, जाड खरखरीत पानांची राहतात, त्यांनाच बी धरते, आणि पुढच्या पिढीत जाड पानं जास्त दिसतात. हे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहून सरांना सांगितलं होतं, आणि सर म्हणाले होते, मावशी, हाच तो अख्खा धडा.

"सर," मावशी म्हणाल्या, "गोगलगायसुद्धा रोपं खाते. पण पुस्तकात कुठला रंग लिहिलाय, हे बघून खात नाही."

हेडसरांचा चेहरा ताठ झाला. पण मॅडम पुढे झाल्या. "नाही उपटायची, सर. तीसच्या तीस जातील, नाहीतर एकही नाही."

एकही कुंडी गेली नाही. प्रदर्शनात शाळेचं टेबल रिकामं राहिलं, आणि ते रिकामं टेबल हेडसरांच्या मनात बसलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी सांगून टाकलं. मागच्या पट्टीवर सायकल स्टँड करायचा विचार होताच. पुढच्या सत्राच्या अखेरीपर्यंत या वाफ्याचा आणि त्या वहीचा काय तो निकाल लावा. नाही लागला तर वाफा जाईल, आणि तसली वही शाळेच्या दप्तरात ठेवण्याचंही कारण नाही.

मावशींच्या निवृत्तीला आठ महिने राहिले होते. त्या घरी आल्या आणि दुकानातल्या स्टुलावर बसून राहिल्या.

"जेवलीस का?" काकांनी विचारलं. शाळेतल्या मुली त्यांना शिंपीकाका म्हणत, आपणही काकाच म्हणू.

"भूक नाही."

"म्हणजे मोठं काहीतरी झालंय."

त्यांनी सगळं सांगितलं. सांगताना आवाज दोनदा चिरकला, याचाही त्यांना राग आला. "अहो, मलाच आता वाटायला लागलंय, माझंच कुठे चुकत आलं असेल का? बावीस वर्षं?"

काका मशीनवरून उठले नाहीत. "माझ्याकडे एखादा शर्ट आखूड झाला तर मी काय करतो? माझ्या हाताला शिव्या नाही देत बसत. कापड तेच होतं का बघतो. टेप तीच होती का बघतो. मग गिऱ्हाईक तेच होतं का बघतो, कारण पोटं सुटतात. एकेक बघायचं. सगळं एकदम बघायला गेलं की डोकं फिरतं. तुझ्या फुलांचं या वेळी काय बदललं?"

"झाडं तीच. बी तीच. तुमच्या टोप्या त्याच."

"टोप्यांचं नाव काढू नकोस."

"हात बदलले. माझ्याऐवजी मुलींचे." मग त्या थांबल्या. "आणि वेळ. मी दीडला करायची. त्यांनी चारला केलं."

दुसऱ्या दिवशी दीड वाजता त्या भिंग घेऊन वाफ्यात उतरल्या. कळी चिरली. आतले पुंकेसर घट्ट मिटलेले, जणू पाच बंद मुठी. चार वाजता उमललेलं फूल घेतलं. त्या मुठी उघडलेल्या, पराग सांडलेले, आणि चिमटा लावायला गेलं की धक्क्याने अजून सांडत होते, थेट शेजारच्या कुक्षीवर. म्हणजे मुलींनी लाल पराग लावायच्या आधीच काही पांढऱ्या फुलांनी स्वतःचेच पराग स्वतःला लावून घेतले होते. आई पांढरी, बापही तीच, मग मूल पांढरं नाही तर काय होणार? बावीस वर्षं "दीड वाजता" हे त्यांनी शिस्त म्हणून पाळलं होतं. त्यात इतका अर्थ होता, हे आज कळत होतं. त्या वाफ्यातच बसल्या आणि सरांची आठवण येऊन एकट्याच हसल्या.

पण कळणं वेगळं आणि दाखवणं वेगळं. मॅडमकडे जाऊन त्या म्हणाल्या, "तीस फुलं मी दीडला करते, तीस मुली चारला करू देत. मग बघा."

मॅडम काही बोलायच्या आधीच एका मुलीने हात वर केला. या मुलीला सगळा वर्ग शंकासूर म्हणायचा. घंटा झाली तरी हिची एक शंका शिल्लक असायची. "पण मावशी, मग पांढरी कमी आली, तर ती वेळेमुळे कमी आली की तुमचा हात चांगला म्हणून, हे कसं कळणार?"

मावशींनी तिच्याकडे रोखून पाहिलं. वर्गाला वाटलं, आता हिचं काही खरं नाही. मावशी म्हणाल्या, "बरोबर आहे तुझं. मी मूर्खासारखी दोन गोष्टी एकदम बदलत होते." आणि त्यांनी कॉलरवरची एक टाचणी काढून शंकासूरच्या कॉलरला खोचली. असला मान त्या शाळेत आजवर कोणाला मिळाला नव्हता.

मग बेत ठरला. हात सहा जणींचे: पाच मुली आणि मावशी. प्रत्येकीने पाच फुलं दीडला करायची, पाच चारला. पराग लावायचे ते सगळ्यांनी चारलाच. झाडं तीच, कुंचला तोच, टोप्या त्याच. बदलायची ती पुंकेसर काढायची वेळ फक्त. दीडच्या फुलांना एक ते तीस क्रमांक, चारच्यांना एकतीस ते साठ. नव्या वेळापत्रकात दीडला जेवणाची सुट्टी होती, ती मुलींनी आठवडाभर सोडली. एका हाताने डबा, दुसऱ्या हाताने भिंग, असं काही चालणार नाही, हे मावशींनी पहिल्याच दिवशी बजावलं. डबे पायरीवर रांगेत राहिले.

चौथ्या दिवशी हेडसर पायऱ्यांवर येऊन उभे राहिले. मावशींच्या हातात सतरा नंबरची कळी होती.

"मावशी, फुलांची ही ऑपरेशनं अजून किती दिवस चालणार?"

मावशी वर न बघता म्हणाल्या, "सर, तुम्ही भूगोल शिकवता. पृथ्वीला कधी म्हणता का, जरा भरभर फिर?"

मुली खुसखुसल्या. हेडसर निघून गेले. मावशींनी टोपी बांधली आणि अठरा नंबरला हात घातला. चार दिवसांत एवढं बरं त्यांना वाटलं नव्हतं.

साठ फुलांपैकी पंचावन्नांनी बी धरली. रोपं उगवली. सगळ्यांना सारखी माती, सारखं ऊन, रोज सकाळी एक-एक मग पाणी. दोन रोपं गोगलगायींनी खाल्ली, तीही वहीत लिहिली गेली. "कोणाला शंका नको," असं मावशी म्हणाल्या, आणि सगळ्या शंकासूरकडे बघून हसल्या. आठवडे गेले. मावशींनी रजा घेतली नाही, ताप आला त्या दिवशीही नाही. काका म्हणाले, "आपली मुलं वाढवताना तू एवढी बघत नव्हतीस." त्या म्हणाल्या, "मुलं बोलायची. ही बोलत नाहीत."

मग फुलायला सुरुवात झाली. रोज चार वाजता सगळ्या पायऱ्यांवर. चारच्या फुलांची सत्तावीस रोपं: एकोणीस गुलाबी, आठ पांढरी. दीडच्या फुलांची सव्वीस, त्यांतली पंचवीस फुलली आणि पंचवीसच्या पंचवीस गुलाबी. मॅडमचा चेहरा रोज थोडा थोडा बदलत होता, आणि तो बदलताना पाहणं हा मावशींच्या आयुष्यातला मोठा आनंद होता. त्यांनी तो कोणाला सांगितला नाही, पण दुपारचा चहा त्या उभ्या न राहता बसून प्यायला लागल्या.

एकच रोप राहिलं होतं, सतरा नंबर. कुठल्याशा किड्याने शेंडा कुरतडल्यामुळे मागे पडलेलं. सोमवारी हेडसर निकाल बघायला येणार होते. शनिवारी शाळा लवकर सुटली. मुली गेल्या, मॅडम गेल्या. मावशी चार वाजेपर्यंत थांबल्या, कारण सतरा नंबरची कळी फुगली होती आणि शेवटचं "गुलाबी" त्यांना स्वतःच्या हाताने लिहायचं होतं.

कळी उमलली. पांढरी.

मावशींनी वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं. कुंपणापलीकडून एक सायकल घंटी वाजवत गेली. रोप जेमतेम वीतभर, कुरतडलेलं. चिमटीत धरून ओढलं असतं तर आवाजसुद्धा झाला नसता. दोन रोपं गोगलगायींनी खाल्लीच होती, तिसरं खाल्लं म्हणायला काय हरकत होती? बाकीची पंचवीस खरीच होती की. सायकल स्टँड टळला असता, सरांचं नाव राहिलं असतं, आणि बावीस वर्षांचा तो स्वच्छ रकाना तसाच स्वच्छ राहिला असता. मावशींनी हे सगळं मनात बोलून पाहिलं. बोलून पाहिलं नाही, असं खोटं कशाला सांगायचं? माणूसच होत्या त्या.

मग त्यांनी आत जाऊन वही काढली. सतरा क्रमांकापुढे, "कोणाच्या हातचं" या रकान्यात त्यांचंच अक्षर: मावशी. आणि त्यांना ती दुपार आठवली. हेडसर पायरीवर, पृथ्वीची थट्टा, मुलींचं हसणं. एक, दोन, तीन, चार पुंकेसर. पाचवा? पाचवा मोजल्याचं आठवेना. बोलायच्या नादात टोपी बांधून त्या मोकळ्या झाल्या होत्या. एक पुंकेसर आत राहिला होता, चार वाजता फुटला होता आणि आपलं काम करून गेला होता.

त्यांनी पेन उघडलं. सतरापुढचा रकाना बोटाने धरला. त्यांनी लिहिलं: "सतरा. पांढरं. पुंकेसर चारच मोजले, पाचवा राहिला असणार. बोलत होते. चूक माझी." मग पेन बंद केलं, वही फडक्यात गुंडाळली आणि घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं. काकांनी मशीन थांबवलं. "लिहिलंस?" "लिहिलं." "मग जेव," ते म्हणाले, आणि ताट त्यांनीच वाढलं.

सोमवारी चार वाजता हेडसर आले. सगळ्या कुंड्यांवरून नजर फिरवली आणि बरोबर सतरावरच थांबली, भूगोलाच्या माणसाला नकाशातली चूक पटकन दिसते. "दीडच्या रांगेत हे पांढरं कसं?"

मॅडमना हे माहीत नव्हतं. त्यांनी गोंधळून मावशींकडे पाहिलं. मावशींनी वही उघडून पुढे केली. मॅडमनी ती ओळ वाचली, आधी मनात, मग मोठ्याने. वाचताना "चूक माझी" या शब्दांपाशी त्या अडखळल्या.

"म्हणजे तुमच्याही हातून येतं," हेडसर म्हणाले.

"आलं की," मावशी म्हणाल्या. "तुम्ही पायरीवर उभे होतात, मी तुम्हाला शिकवायला गेले आणि मोजायचं विसरले. लिहिलंय तिथे. तुमचं नाव नाही घातलं."

हेडसरांना हसू आलं, ते त्यांनी खोकल्यात घालवलं. त्यांनी वही स्वतःच्या हातात घेतली, पहिल्या पानापासून चाळली. चाळायला बराच वेळ घेतला. बावीस वर्षांची गुलाबी, आणि दीडच्या फुलांत ते एकच पांढरं.

मॅडम मावशींसमोर येऊन उभ्या राहिल्या. "शनिवारी इथे कोणी नव्हतं ना?"

"मी होते," मावशी म्हणाल्या.

मॅडमचे डोळे भरून आले. त्या म्हणाल्या, "मावशी, मी तुम्हाला त्या दिवशी जे विचारलं ते चुकलं माझं. पंचवीस गुलाबी पाहूनसुद्धा कुठेतरी शंका होती, खोटं नाही बोलत. आता त्या बावीस वर्षांची एकेक ओळ मला खरी वाटते. या एका पांढऱ्यामुळे." मग त्यांनी मावशींचंच पेन घेतलं, मागचं पान काढलं आणि गेल्या खेपेच्या नऊ पांढऱ्यांखाली लिहिलं: "वेळ चुकली. तास मी ठरवला होता. चूक माझी." खाली सही.

हेडसरांनी वही मिटली, फडक्यात नीट गुंडाळली, मावशी गुंडाळायच्या तशीच, आणि त्यांच्या हातात दिली. "सायकल स्टँड गेटपाशी करू. आणि प्रात्यक्षिकाचा तास परत दीडला."

मावशींनी वही घेतली. पाठ ताठ, मान वर. त्यांच्याकडे त्या वेळी कोणी पाहिलं असतं तर वाटलं असतं, ही शाळा या बाईंनीच बांधली.

सगळे पायऱ्या चढून आत निघाले. शंकासूर अर्थातच मागे राहिली.

"मावशी, आता त्या सतरा नंबरचं काय करायचं?"

"काय करायचं म्हणजे?" मावशी म्हणाल्या. "रोज एक मग पाणी घालायचं. बाकीच्यांना घालतो तेवढंच."